सगळ्या चौदाच्या

साहेब, माझ्या एका आईची तुम्ही दोन माणसं केलीत. एक कारखान्यात होती, तिला काही झालं नाही. दुसरीची बोटं तुटली, पण ती कुठे कामालाच नव्हती.

जुन्या नोंदी जुळवण्याच्या तुमच्या प्रकल्पात मी अकरा वर्षं हेच करते. पडद्यावर डावीकडे कारखान्याचं जुनं हजेरीपुस्तक, उजवीकडे दवाखान्याची नोंदवही. नाव, बाप, गल्ली बघायची आणि ‘तीच’ किंवा ‘वेगळी’ दाबायचं. मान आखडली, चष्म्याचा नंबर तीनदा वाढला. त्याची तक्रार नाही.

मंगळवारी आईच समोर आली. नाव तेच, बाप तोच, गल्ली तीच. दवाखान्यात दाखल झाली त्याच तारखेला हजेरीतल्या नावावर काट मारलेली. वय तेवढं इकडे चौदा, तिकडे अकरा. मी ‘तीच’ दाबलं. यंत्राने परत ‘वेगळी’ केलं.

“दोन वर्षांपेक्षा जास्त फरक म्हणजे वेगळी व्यक्ती,” आमच्या मॅडम म्हणाल्या. “नियम आहे.”

“मॅडम, हजेरीचं हे पान बघा. एकोणचाळीस मुली, सगळ्या चौदाच्या. एकही तेराची नाही, पंधराची नाही. यात यंत्राला काहीच वावगं दिसत नाही?”

“अगं, एवढी चूक गृहीत धरलेली असते. जिवाला लावून घेऊ नकोस.”

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. उजव्या हाताला तीनच बोटं, पण घडी माझ्यापेक्षा नीट.

“सापडले का गं मी?”

“सापडलीस. पण वय आडवं येतंय. दोन ठिकाणी दोन वयं कशी सांगितलीस?”

“मुकादम म्हणायचा, चौदा म्हण, नाहीतर घरी जा. मग म्हटलं चौदा. दवाखान्यात नर्स खेकसली, खरं सांग, औषध वयावर द्यायचंय, जास्त झालं तर मरशील. मग खरं सांगितलं.” ती हसली. “मला घेऊन चल की. हात दाखवते तुझ्या साहेबाला.”

“तिथे कागदच धरतात, आई. जिवंत माणूस चालत नाही.”

“बरं आहे बाई. मेल्यावर नेशील मग.”

मी हातातला टॉवेल खाली ठेवला आणि पहिला अर्ज लिहायला बसले.

साहेब, सोमवारी तुमचा अहवाल छापायला जातोय. त्यात वाक्य आहे, ‘या कारखान्यात लहान मुलांना इजा झाल्याचा पुरावा आढळत नाही.’ खाली नोंदी जुळवणाऱ्यांत माझं नाव आहे. तीन अर्ज दिले, एकाचंही उत्तर नाही. हा चौथा. नियम, टक्केवारी मला समजावू नका, त्यावरच माझं पोट चालतं. एका ओळीत लिहून द्या: त्या दिवशी दवाखान्यात आणलेल्या अकरा वर्षांच्या मुलीची बोटं कुठे तुटली?