वहिनींचे करपलेले विंग्ज

"जाऊबाई, अहो करपतंय! वास सुटलाय!"

धाकटी जाऊ ओट्यापलीकडून ओरडली. वहिनींना ऐकू आलं होतं. कढईतले कोंबडीचे पंख सोनेरीचे तांबूस झाले, तांबूसचे काळे पडायला लागले, आणि वहिनी झारा हातात धरून स्वस्थ उभ्या होत्या. उभ्या जन्मात त्यांनी एक पंख करपू दिला नव्हता. आज अख्खी कढई करपवायची, हे ठरवूनच त्या सकाळी उठल्या होत्या.

"करपू दे," त्या म्हणाल्या.

आपणच काहीतरी चुकीचं ऐकलं असं वाटून जाऊ पुन्हा कांदा चिरायला लागली.

वहिनी म्हणजे दुकानमालकाच्या थोरल्या भावाची बायको. नवरा अकाली गेला, पदरात चिमुरडी पोर. दिरानं दोघींना दुकानावरच्या खोलीत ठेवून घेतलं, पोरीला शिकवलं, थाटात लग्न लावून दिलं. माणूस म्हणजे अगदी देवमाणूस, आणि तेच तर दुखणं होतं! दीर खाष्ट असता तर वहिनी केव्हाच बोचकं उचलून चालू पडल्या असत्या. पण देवमाणसाला नाही कसं म्हणायचं?

पूर्वी दुकान नुसतं चिकनचं होतं; लोक मांड्या न्यायचे, छाती न्यायचे आणि पंख उरायचे. ती एवढीशी हाडं कोण चोखत बसणार? एकदा वहिनींनी ते उरलेले पंख मसाल्यात मुरवले, कडक तळले आणि वर लसूण-मधाचा आंबट-गोड पाक चोळला. झालं, तिथंच त्यांचं नशीब अडकलं. आता मांड्या उरायला लागल्या आणि विंग्जसाठी रांगा. बरं, खाणाऱ्यांचे नखरे तरी किती! बसच्या ड्रायव्हरला पाकात निथळणारे हवेत, बोटं चाटत खायला. दातांच्या डॉक्टरीणबाईंना कोरडे, कुरकुरीत, पाक वेगळ्या वाटीत. निवृत्त मास्तरांना टोक छाटलेला पंख दिला तर ते ताटलीकडं बघायचेही नाहीत. जावेला शिकवून पाहिलं. तोच मसाला, तीच कढई, पण ताटल्या जशाच्या तशा परत. "आज वहिनी नाहीत वाटतं?" म्हणून वर विचारणा. तेव्हापासून वहिनींना साधं आजारी पडायचीही सोय राहिली नाही.

आणि आता लेक बाळंत व्हायची होती. दूरच्या शहरात, पहिलंच मूल, घरात सासू नाही. डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला, त्यामुळं तिला इकडं येता येईना. रोज फोनवर एकच धोशा, "आई, तू येशील ना गं?" वहिनींनी बॅग भरून ठेवली होती. त्यात स्वतः विणलेली लोकरीची टोपी होती, तेलाचा वास लागू नये म्हणून दोन पिशव्यांत गुंडाळलेली. विषय काढला की दीर मान खाली घालून म्हणायचा, "जा की, वहिनी. मी कोण अडवणारा? फक्त एवढी गर्दी ओसरू दे." आणि गर्दी मेली ओसरायचं नाव घेत नव्हती.

म्हणून हा बेत. गिऱ्हाइकांना आपला हात नकोसा करून टाकायचा, म्हणजे दीरच म्हणेल, जाऊन या. ज्या दुकानानं जगवलं त्याच्याच अन्नात माती कालवतोय, हे वहिनींना कळत होतं. मन खात होतं. पण लेकीचा आवाज कानातून हलत नव्हता. त्यांनी करपलेल्या पंखांवर भरपूर व्हिनेगर ओतलं, मूठभर तिखट भुरभुरलं, मधाची बरणी मुद्दाम फडताळात राहू दिली आणि ताटली मास्तरांपुढं सरकवली.

मास्तरांनी एक तुकडा तोडला. त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. वहिनींना अपराधी वाटलं आणि मनातल्या मनात त्या गाडीतही बसल्या.

"वहिनी, हे काय केलंत?"

"चुकलं, मास्तर. आता वय झालं. हात पूर्वीसारखा चालत नाही."

"चुकलं?" मास्तरांनी नाक पुसलं. "अहो, इतकी वर्षं कुठं लपवून ठेवला होतात हा प्रकार? गोडगोड खाऊन जीभ विटली होती आमची. अजून एक प्लेट आणा!"

दुसऱ्याच्या ताटाला कधी बोट न लावणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मास्तरांच्या ताटलीतला पंख उचलला. ड्रायव्हरनं मित्रांना फोन लावले. दीर धावत आत आला. "वहिनी, कमाल आहात तुम्ही! कधी सुचलं हे?"

वहिनी स्टुलावर बसल्या. त्यांना हसू फुटलं आणि हसता हसता रडू कोसळलं. जाऊ घाबरली. "धूर गेला गं डोळ्यांत," वहिनी म्हणाल्या. धूर होताच, त्यामुळं जावेनं ते खरं मानलं.

नंतर जावेनंही करपवून पाहिले. ते नुसतेच करपले.

दुकानावर नवी पाटी लागली, 'वहिनींचे करपलेले विंग्ज', शेजारी वहिनींचा हसरा चेहरा रंगवलेला. धुराचा त्रास नको म्हणून दिरानं स्वयंपाकघरात मोठा पंखा बसवून घेतला. खरंच फार माया होती त्याची.

लेकीला मुलगी झाली. दवाखान्यात शेजारीण धावली. वहिनींनी फोनमध्ये एवढीशी लालबुंद मूठ पाहिली. लेक म्हणाली, "आता तरी ये." आणि वहिनी बोलून गेल्या, "येते गं, एवढी गर्दी ओसरू दे." दिराचंच वाक्य आपल्या तोंडून ऐकून त्यांना स्वतःचा संताप आला.

टोपी तरी पोचावी म्हणून त्यांनी बॅग उघडली. दोन्ही पिशव्यांमधून तळणाचा आणि धुराचा वास आत शिरला होता. त्यांनी टोपी धुतली, उन्हात वाळवली, हुंगली, पुन्हा धुतली. शेवटी हात टेकले आणि तशीच पाठवून दिली.

लेकीचा फोन आला तो ऐन गर्दीत. वहिनींनी तो खांद्यानं कानाशी दाबला.

"आई, टोपी मिळाली."

"वास येतोय ना गं? किती धुतली मी! तूही एकदा धू, बाळाला नको तो वास."

"नाही धुणार." लेक म्हणाली. "लहानपणी तुझ्या कुशीत शिरले की अस्साच वास यायचा. मी रात्री उशाशी घेऊन झोपते. धुतली की जाईल, आई."

वहिनींनी खांद्यानं फोन आणखी घट्ट दाबला.

"वहिनी, चार प्लेट करपलेले!" बाहेरून दिराची हाक आली.

"हो, भाऊजी. टाकते."

त्यांनी फोन बंद केला नाही. मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला, आवाज मोठा केला आणि पंख कढईत सोडले. तेल तडतडलं. फोनमध्ये नात रडायला लागली, बारीक, हट्टी आवाजात, आणि लेक तिला थोपटत काहीबाही बोलत राहिली. वहिनी झारा हातात धरून ऐकत राहिल्या. पंख तांबूस झाले, मग काळे पडू लागले. जाऊ शेजारीच ताटल्या मांडत होती. करपतंय म्हणून आता तीही ओरडत नव्हती.