पडद्यावरचे अब्बा

"सर, तुमची ही छोटी अणुभट्टी बिघडली, तर मेकॅनिक कुठून येणार? अकोल्याहून का दर्यापूरहून?"

प्रश्न माझ्या वर्गातल्या माधवीनं सुचवलेला, पैज दोन प्लेट कचोरीची. पौर्णिमा मागून कोपर मारत होती, "तुयात दम नाही वं, नाजिया!" मग काय, उठले. दहावीत आल्यापासून मला माईकची भीती वाटत नाही. माईकलाच माझी वाटत असावी.

अकोल्याच्या त्या सभागृहात सात शाळांची पोरं हसली. छोट्या अणुभट्ट्यांवर बोलायला मुंबईहून आलेले ऊर्जा सल्लागार साहेबही हसले.

"छान! पण बाळ, ही भट्टी सौर पंपासारखी रडकी नसते. तुमच्याच भागातलं बघ." त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर सौर पॅनल आलं. काचेवर पांढरा, खरखरीत थर. शेजारी इस्त्रीच्या निळ्या शर्टात एक माणूस, हातात पाना, फोटोसाठी छान हसलेला. खाली पंपाच्या कमी उपशाचा आकडा आणि ओळ होती : 'वाया गेलेला सरकारी पैसा'.

ते माझे अब्बा होते.

नासिर मिस्त्री. बारा वर्षं दर्यापूरच्या आजूबाजूच्या शेतांमध्ये सौर पंप बसवतात, बिघडलेले सुरू करतात. आमच्याकडे बोअरचं पाणी खारं. त्यानं पॅनल धुतलं की वाळल्यावर काच मिठानं पांढरी होते आणि पंप धापा टाकायला लागतो. म्हणून अब्बा मोटरसायकलला नळाच्या पाण्याची कॅन बांधून फिरतात. लोक चिडवतात, "नासिरभाई, पॅनलले पानी पाजता काय?" अब्बा म्हणतात, "पाजतो ना. तुमच्यापेक्षा गुनी हाय ते."

मार्चमध्ये गावातल्या पुंजाजीकाकांच्या शेतात याच साहेबांचं पाहणीचं पथक आलं होतं. फोटोत पॅनल चमकावं म्हणून त्यांच्याच माणसानं बोअरचा पाइप मारला. अब्बांनी हात जोडून सांगितलं, "साहेब, या पान्यानं नका धुवू." तर म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही फक्त उभे राहा." मग मंडळी लिंबाखाली जेवायला बसली. तासाभरानं, पाणी वाळल्यावर, फोटो काढला आणि पंपाचं रीडिंगही घेतलं. एवढं होऊनही अब्बा घरी आले ते खुशीतच. फोटो छापून येणार म्हणून चौकातल्या चहावाल्यालासुद्धा सांगून आले.

आणि इथे तो फोटो बघून पोरं खिदळत होती.

"सर, तो थर तुमच्या लोकांनीच लावला!" माईक अजून माझ्याच हातात होता. "खाऱ्या पाण्यानं धुतलं त्यांनी!"

"बाळ, भावनिक होऊ नकोस. आकडे भावनिक नसतात."

"आकडाही तुम्ही जेवण झाल्यावर घेतला!"

माईक बंद झाला. साहेबांनी बाटलीबंद पाण्याचा एक घोट घेतला, ओठ टिपले आणि पुढचं चित्र लावलं : हिरवळीवर पांढरीशुभ्र भट्टी, बाजूला फुलझाडं. शी! एकाचं कौतुक करायला दुसऱ्याच्या तोंडाला असं मीठ फासायचं?

गंमत म्हणजे अमरावतीच्या विभागीय वादस्पर्धेत मी याच साहेबांच्या बाजूनं बोलणार होते. 'सरकारी पैसा सौर ऊर्जेला की नव्या अणुतंत्रज्ञानाला?' अणूची बाजू मी हौसेनं मागून घेतली होती, भाषण तोंडपाठ होतं. अणूवर माझा तेव्हाही राग नव्हता, आजही नाही. येऊ दे की भट्टी. पण ती आणायला खोटं रीडिंग कशाला लागतं?

परतीच्या गाडीत वादस्पर्धेची तयारी करून घेणारे आमचे तायडे सर शेजारी येऊन बसले. "नाजिया, साहेब स्पर्धेचे परीक्षक आहेत. उद्या माफीचं पत्र दे. नाहीतर वडलांना माझ्याकडे पाठव, ते माफी मागतील. दोन्ही नसेल तर नाव कापावं लागेल मला."

"सर, पण मी खरं बोलले."

"खरंच बोललीस गं," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. मला त्यांचीही किळस आली.

घरी सगळं सांगितलं. अम्मीचा कणकेतला हात थांबला. अब्बांनी विचारलं, "अन् शर्ट कसा दिसत होता?"

"चांगला," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मंग मी जाऊन येतो सरच्या घरी." अब्बा उठले. "माफीच मांगाची हाय ना? दोन शब्द त हायेत."

"तुमी काहून मांगता? तुमी काय केलं?"

"बेटा, तू तिथं जाय. मोठ्या स्टेजवर बोल. मी त रोजच कोनाकोनाचं ऐकून घेतो. त्यानं माया अंगाले काय भोकं पडते?"

"जाऊ दे त्याईले," अम्मी हळूच म्हणाली. "सालभर घोकलं तुनं भाषन."

अब्बा आरशासमोर उभे राहिले आणि केसांवरून पाण्याचा हात फिरवू लागले. ओठ हलत होते. माफीचे शब्द पुटपुटत होते ते; रोज कोणाचं ना कोणाचं ऐकून घेणाऱ्या माझ्या अब्बांना असे शब्द आधीपासूनच येत होते. मला ते बघवेना. अम्मीचा फोन उचलला आणि मागच्या अंगणात गेले. दोन मिनिटंही लागली नाहीत.

परत आले तेव्हा अब्बा उंबऱ्यात बसून चपला घालत होते. मी वाट अडवून उभी राहिले.

"अब्बा, अम्मी, दोघंबी ऐका. मी अमरावतीले जाऊन नाही राहिली. सरले आत्ताच फोन केला, म्हनलं माझं नाव कापा. आता कोनाची माफी मांगाचं काम नाही. चपला काढा अन् जेवाले बसा."