सातवा धडा

सौंसरच्या बसस्टँडमागे तुळशीरामचं ऑनलाइन सेंटर आहे. खरं तर ते कुणालचं, त्याच्या मुलाचं. बोर्डावर अजून त्याचंच नाव आहे आणि ते बदला म्हणणाऱ्याशी तुळशीराम आठ-आठ दिवस बोलत नाही. एकतीस वर्षं नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर व्हॉल्व्ह फिरवलेला हा माणूस साठीला टेकल्यावर कॉम्प्युटरपुढे बसला, तो काही हौसेनं नाही. कुणालला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. सांधे धरले की त्याला माउस धरवत नसे, आणि नागपूरला भरती व्हावं लागलं की दुकानाला कुलूप लागत असे.

मशीन जुनं, अडून बसणारं. चित्रांवर माउस फिरवत बसलं की ते गिऱ्हाइकासमोरच गोठायचं. म्हणून कुणाल सगळी साफसफाई काळ्या पडद्यावर करायचा. त्या पडद्यावर चित्र नाही, बटण नाही. हुकूम टाइप करायचा आणि एंटर मारायचं. शेवटच्या महिन्यात त्यानं मशीन घरी आणवलं, खाटेला टेकून बसला आणि बापासाठी स्वतःच्या आवाजात अकरा धडे भरून ठेवले. पहिल्यात एका फोल्डरातून दुसऱ्यात कसं जायचं, दुसऱ्यात आत काय आहे त्याची यादी कशी मागायची, तिसऱ्यात नेट चालू आहे की मेलं ते कसं बघायचं. तुळशीरामनं टाकीवर कधी वही धरली नव्हती, पण हे अकरा धडे त्यानं पाठ केले.

कुणालचे दोन नियम फार कडक होते. एक म्हणजे कुठल्याही फाइलची दुसरी प्रत ठेवायची नाही, मशीनचं पोट भरतं. दुसरा नियम गिऱ्हाइकांच्या कागदांचा. आधार, जातीचा दाखला, जमिनीचा उतारा, जे काही छापायचं किंवा पेनड्राइव्हमध्ये द्यायचं असेल ते आधी 'आज' नावाच्या फोल्डरात ठेवायचं, आणि दुकान बंद करताना तो फोल्डर रिकामा करायचा. लोकांचे कागद आपल्याकडे मुक्कामाला ठेवायचे नाहीत, असं तो म्हणायचा. फोल्डर रिकामा करण्याचा धडा सातवा.

कुणाल गेला त्याला अकरा महिने होऊन गेले होते. तुळशीरामला आता एकाही धड्याची गरज नव्हती, बोटं आपोआप चालत. तरी रोज संध्याकाळी शटर अर्धं ओढून तो सातवा धडा लावायचा आणि पोरगा सांगेल तसं करायचा. दिवसभरात त्याला जगावंसं वाटायचं ते त्या चार मिनिटांपुरतं, हे त्यानं बायकोला, चंद्रकलालाही सांगितलं नव्हतं.

चंद्रकलानं मात्र एकही धडा ऐकला नव्हता. आवाज कानावर पडला तर मी पुन्हा उभी राहणार नाही, असं तिनं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. चौथ्या धड्यात कुणालनं तिला हाक मारली आहे, एवढं तुळशीरामनं तिला सांगून ठेवलं होतं. डिस्क तपासायचा हुकूम दिला की मशीन बराच वेळ घेतं, तेवढ्यात पोरानं स्वयंपाकघराकडे तोंड करून चहा मागितला होता. वर्षाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी ठरला तेव्हा चंद्रकला आपणहून म्हणाली, "त्या दिवशी मले चौथा ऐकवा. आता ऐकतो मी."

गुरुवारी दुपारी दुकान रिकामं होतं. रविवारसाठी घरी न्यायला अकराही धडे पेनड्राइव्हमध्ये भरायचे म्हणून तुळशीरामनं ते 'आज' फोल्डरात हलवले. हलवले, कारण दुसरी प्रत ठेवायची नाही. पेनड्राइव्ह शेजारच्या चंचलच्या स्टेशनरीतून आणायचा होता आणि चंचल जेवायला गेलेली. तेवढ्यात लोधीखेड्याच्या सात-आठ पोरी स्कॉलरशिपचे फॉर्म घेऊन आल्या आणि संध्याकाळ झाली.

शटर अर्धं ओढून तो नेहमीच्या जागी सातवा धडा शोधायला गेला. सापडला नाही. मग आठवलं, आपणच तर 'आज'मध्ये ठेवले. त्यानं तिथून धडा लावला. म्हणजे एक मिनिट आधीपर्यंत त्याला माहीत होतं. हे एक मिनिट तो मरेपर्यंत विसरणार नाही.

"बाबा, आधी यादी मागा. घाई नका करू," कुणालचा आवाज आला. तुळशीरामनं डोळे मिटून घेतले आणि डी, आय, आर टाइप केलं. पडद्यावर पोरींच्या फॉर्मांसोबत ती अकरा नावंही आली असतील, बघतो कोण? "आता डेल लिवा, पुढं चांदणी, टिंब, चांदणी, आन् एंटर. ते इचारन, पक्कं का म्हनून. वाय दाबा." तुळशीरामनं वाय दाबला. "एंटर मारा." त्यानं एंटर मारलं.

"बाबा, एक गोष्ट ध्यानात ठेवा," आवाज पुढे बोलतच होता, "इथून गेलेलं कचऱ्याच्या डब्यात जात नाई. गेलं ते गेलं. आता पुन्हा यादी मागून पाहा, काई उरलं तं नाई."

यादी मागून त्यानं डोळे उघडले. एकच नाव उरलं होतं. एक फाइल वापरात असल्यानं काढता आली नाही, असं मशीननं वर लिहिलं होतं. जो धडा वाजत होता तेवढाच वाचला होता.

शुक्रवारी मशीन पाठीशी बांधून तो बसनं पांढुर्ण्याला गेला. तिथला वीरेंद्र, कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, कुणालच्या ओळखीचा. त्यानं मशीन दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं, जेवणही सोडलं. शनिवारी त्यानं दहाही नावं परत आणून दाखवली, पण एकही उघडेना. "काका, नावं आली, आतमध्ये काई नाई," तो म्हणाला. तुळशीराम त्या नावांकडे पाहत राहिला. पोरानं प्रत्येकापुढे 'बाबांसाठी' असं लिहिलं होतं.

घरी त्यानं दोन दिवस थाप मारली होती, पेनड्राइव्ह खराब निघाला म्हणून. रविवारी बुद्धवंदना झाली, खीर वाटून झाली, पाहुणे गेले. चंद्रकला पांढरं लुगडं सावरून, त्यानं घरी आणून ठेवलेल्या मशीनसमोर बसली तेव्हा मात्र त्याला खोटं बोलवेना. त्यानं सगळं सांगितलं. आपल्याच हातानं, पोराच्याच हुकुमानं पुसलं, असं सांगितलं. ती शिव्या देईल असं त्याला वाटलं; दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिनं सातवा धडा लावायला सांगितला. 'बाबा' तिनं नऊ वेळा ऐकलं.

"याच्यात मी नाई," ती म्हणाली.

"नाई."

"कशी हाक मारली होती त्यानं?"

"आई वं, चहा ठेव नं, असं म्हनला."

"तसं नाई. त्याच्यावानी म्हना."

तुळशीरामला लाज वाटली, मग रडू आलं, आणि दोन्ही गिळून त्यानं स्वयंपाकघराकडे तोंड केलं. रोज ऐकून ऐकून त्याला पोराच्या आवाजाचे चढउतार पाठ होते. गळा मात्र एकसष्ट वर्षांचा, घोगरा. "आई वं," तो म्हणाला, "चहा ठेव नं."

चंद्रकला उठली आणि चहा ठेवायला आत गेली.