बाबांचं पारदर्शक नाक

स्प्रे दाबला की थेंबांचा एक शंकू उमलतो आणि पापणी लवायच्या आत विरतो. टोकाशी अरुंद, पुढे पसरट. जातो मात्र सरळ. वळणं त्याला फारशी जमत नाहीत. सूनबाईला हे तोंडपाठ होतं, कारण नाकात मारायचे स्प्रे तपासणं हीच तिची नोकरी. आणि नेमकं तिच्याच घरातलं एक नाक स्प्रेला दाद देत नव्हतं.

ते नाक सासऱ्यांचं. ते कुलपं दुरुस्त करत. तरुणपणी गोलरक्षक असताना एक चेंडू नाकावर बसला, तेव्हापासून नाक आतून डावीकडे कललेलं. रात्री ते असे घोरत, की सासूबाईंनी उशी उचलून शेवटच्या खोलीत वेगळं बिऱ्हाड थाटलं होतं. नाकातला पडदा सरळ करून घ्या, असं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं.

"आधी स्प्रे तर नीट जमू दे, मग बघू," हे सासऱ्यांचं ठरलेलं उत्तर.

तो जमत नाही याचं खापर सूनबाई त्यांच्या हातावर फोडायची. "बाबा, डाव्या नाकपुडीला उजवा हात. टोक मधल्या पडद्याकडे नको, बाहेर, कानाच्या बाजूला. मान जराशी खाली. आणि श्वास हळू, जोरात ओढलंत तर औषध घशात जातं."

"अगं, तसंच तर करतो!"

"मग गुण का येत नाही?"

शेवटी तिने त्यांच्या स्कॅनवरून प्रयोगशाळेतल्या थ्रीडी प्रिंटरवर त्यांच्याच नाकाची पारदर्शक प्रतिकृती छापून घेतली आणि सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मांडली. आतून पांढरा लेप होता. थेंब पडेल तिथे तो लाल व्हायचा. मागच्या नळीतून श्वासासारखी हळूहळू हवा ओढली जात होती.

सासूबाई चष्मा लावून पुढे सरसावल्या. "अगं बाई, हुबेहूब! फक्त घोरत नाही तेवढं."

"म्हणजे तुला हेच नाक बरं," सासरे म्हणाले.

त्यांनी आधी प्रतिकृतीच्या उजव्या नाकपुडीत स्प्रे मारला. आतल्या घड्यांपर्यंत लाली पसरली. मग डावी. उजवा हात, टोक कानाकडे. नाव ठेवायला जागा नव्हती. पण लाल डाग दाराशीच उमटला. पडदा जिथे फुगून आडवा आला होता, तिथे थेंब आपटून थांबले. पलीकडे सगळं कोरं.

सूनबाईने स्वतः मारून पाहिला. तेच.

"बाबा," ती ओशाळली, "तुमचा हात चुकत नव्हता. मी उगाच तुमच्या मागे लागले."

"ऐकलंस?" सासरे फुशारून बायकोकडे वळले. "मी काय म्हणत होतो? किल्ली बरोबर आहे, कुलूपच वाक—"

आणि त्यांनी जीभ चावली. वाद जिंकताना सबब हातची गेली होती.

"थांबलात का?" सासूबाई म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला काय सांगता अशा वेळी?"

"कुलूप खोलावं लागेल म्हणतो."

"मग?" त्या हसल्या, पण आवाज जरा खाली आला. "त्या खोलीत झोप लागते हो मला. करमत नाही."

सासऱ्यांनी प्रतिकृती उजेडात धरून तो कोरा भाग पुन्हा एकदा न्याहाळला. मग ती अलगद खाली ठेवली.

"सूनबाई, डॉक्टरांना फोन लाव. ऑपरेशन करून घेतो मी."