उलटलेली तीन अंडी

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आमच्या खोलीत दर रविवारी मुलं येतात. पाल, सरडा, साप, कासव, सगळ्यांची ओळख मीच करून देतो. मागच्या रविवारी ऐटीत सांगितलं होतं, की कासवही कोंबडीसारखीच अंडी घालतं. पुढचं सांगायचं राहून गेलं.

आज पाणी घेऊन परत आलो आणि उबवणीच्या पेटीत डोकावलो. अंडी ठेवतानाच मी त्यांच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने ठिपका काढतो. सातपैकी तीन अंड्यांवर ठिपका दिसेना.

कुणी हात लावला, असं हळूच विचारलं. मग कोंबड्या पाळणाऱ्या बाईंची लेक चिऊ पुढे आली.

"मी फिरवली, आजोबा. आई रोज फिरवते. नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं."

"कासवाच्या पिल्लाला चिकटूनच राहावं लागतं, बाळा. उलटलं तर ते गुदमरू शकतं. कधी फिरवलीस?"

"आत्ताच. तुम्ही गेलात तेव्हा."

म्हणजे फार तर सात मिनिटं. मागून कुणीतरी म्हणालं, आता कासव कुकुचकू करणार. कुणी हसलं नाही.

मी पडदे ओढले. एकेक अंडं अगदी सावकाश, पेन्सिलीचा ठिपका वर येईल असं परत फिरवलं आणि आतलं दिसावं म्हणून अंड्याला लावून धरायला चिऊच्या हातात छोटी विजेरी दिली. पहिल्यात लाल शिरांचं जाळं आणि मधोमध लुकलुकणारा ठिपका, म्हणजे पिल्लाचं हृदय. दुसऱ्यातही. तिसऱ्यात शिरा होत्या, ठिपका स्थिर होता.

चिऊने विजेरी हलवली नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते. उजेडाने अंडं तापतं म्हणून मी विजेरी बंद करायला सांगितली. पाच मिनिटं अंधारात आम्ही बसून राहिलो.

पुन्हा उजेड पाडला. ठिपका तसाच.

"मेलं का?" तिने विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. "आज नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो. "आठवड्याने कळेल. पण चूक निम्मी माझी आहे. अर्धाच धडा शिकवला मी."

आठवड्याने ते अंडं पिवळं पडून खचलं. बाकीची सहा ठणठणीत होती. चिऊने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, रडली, नाक पुसलं. त्या रविवारी नवी मुलं आली, तेव्हा मी तोंड उघडण्याआधीच ती पेटीसमोर हात मागे बांधून उभी राहिली आणि म्हणाली, "हे कोंबडीसारखं नाही. का ते सांगते."