चारशे बारा नंबरची फाईल

मित्रांनो, ओळखलंत का मला? कसं ओळखणार म्हणा! मी एक जुनी फाईल. पिवळा पुठ्ठा, झिजलेल्या कडा आणि पाठीवर नुसता नंबर, चारशे बारा. पुस्तकांना नाव असतं, चित्रं असतात, लोक त्यांना उशाशी घेऊन झोपतात. आम्हा दवाखान्यातल्या फायलींचे असले लाड कोण करणार? पण आमच्या पोटात काय असतं हे कळलं, तर तुम्ही लगेच कान टवकाराल. आणि ते कोणाला कळू न देणं, यातच माझं आयुष्य गेलं. आज थोडं सांगते. ज्यांची गोष्ट आहे त्यांचं नावगाव मात्र सांगणार नाही. कितीही डोकं खाजवलंत तरी ते तुम्हाला सापडायचे नाहीत.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. आधी ओला लगदा, मग दाब, मग वाळवण, आणि मग ते धारदार पातं. बापरे! आठवलं तरी अंगावर काटा येतो. शेवटी दोन भोकं पाडून पांढरी दोरी ओवली आणि पन्नास बहिणींना एका गठ्ठ्यात बांधलं. कोणी शाळेत गेली, कोणी वकिलाकडे. मी आले एका दोन खोल्यांच्या दवाखान्यात. बाहेर बाकं, काउंटर आणि काउंटरमागे लोखंडी कपाट. आतल्या खोलीत डॉक्टरबाई.

काउंटरवर ताई बसायच्या. त्यांच्यावाचून दवाखान्याचं पान हलत नसे. सुईला घाबरून कोण रडतं, गोळ्या न घेताच 'घेतल्या' असं कोण ठोकून देतं, सगळं त्यांना पाठ. काही लोकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. ताई तशा मुळीच नव्हत्या. त्यांनी दवाखान्यातली गोष्ट कधी घरी नेली नाही. म्हणून तर पुढे जे झालं त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

मी ज्यांची झाले ते घड्याळवाले काका. दोन गल्ल्या सोडून त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, कपाटच ते! काका आत बसले की गिऱ्हाइकाने बाहेरच उभं राहायचं. सुरुवातीला माझ्यात काही विशेष नव्हतं. खोकला, कापलेलं बोट, एकदा मूळव्याध. मी आपली सुखाने कपाटात डुलक्या घ्यायची.

मग एका गुरुवारी काका सगळ्यांत शेवटी आत आले आणि म्हणाले, "दार लावता का जरा?"

डॉक्टरबाईंनी त्यांना हात मांडीवर सैल ठेवायला सांगितला. मी टेबलावर उघडी होते, सगळं पाहत होते. काकांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोट आपोआप एकमेकांवर फिरू लागले, न दिसणारी बारीकशी किल्ली फिरवावी तसे. काका दुसरीकडे बघत राहिले. डॉक्टरबाईंनी बरंच तपासलं, बरंच विचारलं आणि माझ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या. पहिली, 'उजव्या हाताला कंप, कंपवाताची सुरुवात.' तिच्याखाली दुसरी, 'हात कामाला लागला की कंप थांबतो. कामात अडचण नाही.'

मित्रांनो, कंपवात म्हणजे मेंदूकडून हातापायांना जाणारे निरोप हळूहळू गडबडायला लागतात. गोळ्यांनी तो बरीच वर्षं ताब्यात ठेवता येतो, पण गोळ्यांची वेळ चुकवून चालत नाही.

"डॉक्टर," काका म्हणाले, "घरी हे मीच सांगेन. जरा हिंमत गोळा करू द्या मला. आणि बाहेर कळलं तर माझं दुकान उठलंच समजा. थरथरत्या हातात आपलं घड्याळ कोण देईल?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा, तुम्ही म्हणाल त्यालाच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तोवर या खोलीतून शब्द बाहेर जाणार नाही."

काकांचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला. मला वाटलं, आता मी आहे ना!

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला कपाटात ठेवायला उचललं. औषधांचा कागद दोरीत ओवता ओवता त्यांची नजर पहिल्या ओळीवर गेली. कागद लावायचा तर नजर पडणारच, त्यात त्यांचा दोष नाही. पण त्यांचा चेहरा एकदम उतरला. कारण आठच दिवसांपूर्वी त्यांनी आपल्या वडिलांचं घड्याळ काकांकडे दुरुस्तीला टाकलं होतं. वडील नुकतेच गेलेले, त्यांची तेवढी एकच वस्तू ताईंकडे उरलेली. अगं ताई, खालची ओळ वाच की! मी जीव तोडून ओरडले असते, पण पुठ्ठ्याला कुठून तोंड असणार? ताईंनी मला मिटलं आणि त्या पर्स घेऊन बाहेर पडल्या.

अर्ध्या तासाने परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक पाकीट होतं. ते त्यांनी माझ्या खणात, माझ्याच अंगावर ठेवलं. आत घड्याळ होतं, सगळं सुटं, चाकं वेगळी, काटे वेगळे.

पुढच्या महिन्यात काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. गोळ्या केव्हाच संपल्या असतील, हे मला माझ्याच कागदावरून कळत होतं. रोज दार वाजलं की वाटायचं, आले! पण कसले येतात! तिसरा महिना संपत आला तेव्हा डॉक्टरबाईंनी मला काढायला सांगितलं.

"ताई, हे घड्याळवाले का येत नाहीत हो? या माणसाने गोळ्या सोडून कसं चालेल?"

ताईंनी आधी पदराशी चाळा केला. मग म्हणाल्या, "बाई, माझ्यामुळे येत नाहीत ते. मी वडिलांचं घड्याळ परत आणलं त्यांच्याकडून. त्यांनी विचारलं, 'अहो, सगळं उघडून ठेवलंय, असं कसं नेणार?' मी म्हटलं, 'असू दे, तसंच द्या, मला घाई आहे.' सुट्या घड्याळाची कोणाला घाई असते? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. सगळे भाग पाकिटात भरून दिले." ताईंचे डोळे भरून आले. "पण देवाशपथ, मी कोणापुढे ब्रसुद्धा काढला नाही!"

"माहीत आहे मला," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "सांगितलं नाहीत, पण वापरलंत ना? त्यांनी ते आपल्याला उपचारासाठी सांगितलं होतं. तुमच्या घड्याळासाठी नव्हे." मग त्यांनी मला ताईंपुढे सरकवलं. "आणि ही खालची ओळ वाचलीत?"

ताईंनी वाचली, जीभ चावली आणि तोंडावर हात ठेवून बसून राहिल्या.

दुपारच्या सुट्टीत त्या पाकीट घेऊन दुकानात गेल्या. आल्या त्या रडून लाल झालेल्या, पण धावतच. माझा खण त्यांनी अख्खा ओढून काढला. "बाई, मी माफी मागितली. म्हटलं, 'काका, तुमची फाईल मी माझ्या कामासाठी वापरली, चुकलं माझं.' मग त्यांनी पाकीट हातात घेतलं, वाटीत ओतलं आणि म्हणाले, 'यात एक स्क्रू कमी आहे.'"

तो स्क्रू पाकिटातून निसटून माझ्या घडीत अडकला होता! मोहरीच्या दाण्याहून लहान. तीन महिने टोचत होता, पण सांगते कोणाला? ताईंनी तो चिमटीत धरला आणि पुन्हा पळाल्या.

पुढच्या गुरुवारी काका आले. मी त्यांना पाहिलं आणि माझ्या काळजात चर्र झालं. गोळ्यांवाचून हात आखडला होता, खुर्चीतून उठायला वेळ लागत होता. डॉक्टरबाई आधी उभ्या राहिल्या. "चूक माझ्या दवाखान्यात झाली, म्हणजे माझीच. तुम्ही दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं म्हणालात तर ही फाईल मी स्वतः तुमच्या हातात देईन."

काका म्हणाले, "कुठे जाऊ आता? हिला माझं सगळं पाठ झालंय." हिला म्हणजे मला! काय सांगू, मला केवढं बरं वाटलं!

त्या दिवशी माझ्यात एक नवा कागद आला. वर लिहिलं होतं, 'माझ्या आजाराबद्दल कोणाला सांगावं'. काकांनी आखडलेल्या, बारीक अक्षरात लिहिलं, 'अजून कोणालाच नाही.' मज्जातंतूंच्या मोठ्या डॉक्टरांचा सल्ला हवा होता, तेही काकांना विचारून ठरलं. मग डॉक्टरबाईंनी पत्र लिहिलं, तेही कामापुरतं. त्यात मूळव्याधीचं नावसुद्धा नव्हतं. तिचा हाताशी काय संबंध?

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, हात सैल झाला, दुकानात घड्याळं पुन्हा टिकटिकू लागली. ताईंच्या वडिलांचंही. पण घरी सांगायची हिंमत काही काकांना होईना. दर महिन्याला म्हणायचे, "या आठवड्यात नक्की."

आणि एक दिवस काउंटरपुढे काकू येऊन उभ्या राहिल्या. काकांची बायको.

"ताई, खरं सांगा. त्यांना काय झालंय? त्यांच्या शर्टाच्या खिशात तुमच्या दवाखान्याची चिठ्ठी सापडली. जेवून झालं की लगेच हात टेबलाखाली ठेवतात. रात्री कूस बदलायला त्रास होतो. विचारलं की हसून विषय बदलतात."

ताईंचा हात माझ्या खणापाशी आला. एका वाक्याने त्या बाईच्या जिवाला स्वस्थता मिळाली असती. ताईंना ते वाक्य पाठ होतं. मी श्वास रोखून धरला.

"काकू," ताई म्हणाल्या, "मला नाही सांगता येणार."

"नाही सांगता येणार? अहो, तेवीस वर्षं संसार केलाय मी त्यांच्याबरोबर! मी काय परकी आहे?"

"नाही हो. पण त्यांचं आहे ते, त्यांनीच सांगायला हवं. तुम्ही माझ्यावर रागवा, हवं तर चार शब्द बोला मला. पण त्यांनाच विचारा, काकू. आणि त्यांच्या तोंडून निघेना, तर दोघं मिळून इथे या."

काकू खरंच रागावल्या. ताईंनी दिलेलं पाणीही घेतलं नाही, तरातरा निघून गेल्या. ताई काउंटरवर डोकं टेकून रडल्या. एकदा त्या चुकल्या होत्या तेव्हा त्यांना कळलंही नव्हतं, आणि आज बरोबर वागल्या तर जीव कासावीस झाला.

गुरुवारी दोघं आले. काकू ताईंकडे न बघता सरळ आत गेल्या. डॉक्टरबाईंनी मला टेबलावर ठेवलं, माझ्यावर हात ठेवला आणि बायको शेजारी बसलेली असतानाही काकांना विचारलं, "यांच्यासमोर उघडू ना?"

"थांबा डॉक्टर," काका म्हणाले. "घरी चारदा तोंड उघडलं, चारदा मिटलं. इथे तरी मलाच बोलू द्या." त्यांनी टेबलाखालचा हात वर काढला आणि काकूंसमोर ठेवला. तो थरथरत होता. "हे बघ. कंपवात म्हणतात याला. जाणार नाही आता. वाढेल हळूहळू. पुढे कदाचित तुला माझी बटणंसुद्धा लावावी लागतील. म्हणून सांगवेना गं."

काकू त्या हाताकडे बघत राहिल्या. "एवढंच?" त्या म्हणाल्या. "अहो, मला वाटलं, तुम्ही मला सोडून चाललात! सहा महिने देवापुढे रडतेय मी!" आणि त्यांनी तो हात दोन्ही हातांत घट्ट धरून काकांना असं फैलावर घेतलं की बाहेर ताईंनाही ऐकू गेलं. जाताना त्या काउंटरपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशीचं पाणी द्या आता."

मला त्या दिवशी कोणी उघडलंच नाही, मित्रांनो. मिटल्या मिटल्या मी ऐकलं सगळं. तेवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

पुढे काकांनी सतरा वर्षं काढली, त्यातली नऊ दुकानात. मग ते गेले, आणि दोन वर्षांनी काकूही. आता दवाखान्यात संगणक आलाय. आम्हा जुन्या फायलींची ठेवायची मुदत संपली. परवा कपाट उचलायला आलेला माणूस म्हणाला, "रद्दीत देऊन टाका ना हे सगळं, जाता जाता नेतो." ताई केवढ्या कडाडल्या त्याच्यावर! आता केस पांढरे झालेत त्यांचे. रोज दुपारी कागद कापायच्या यंत्रापाशी बसतात आणि एकेक फाईल आत सोडतात. मला मात्र त्यांनी तीनदा हातात घेतलं आणि तीनदा बाजूला ठेवलं. काल तर पर्सपाशी नेलं. आठवण म्हणून घरी न्यायची आहे त्यांना मला.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा, फेकू नका. मी उलटंच मागतेय. उद्या तुमच्यातलं कोणी डॉक्टर होईल, कोणी काउंटरवर बसेल, कोणाच्या कानात कोणी आपलं दुखणं हळूच सांगेल. ते ज्या कामासाठी सांगितलं, त्याच कामी येऊ द्या. आणि काम संपलं की ते आपल्यासाठी ठेवून घेऊ नका, प्रेमानेसुद्धा नाही.

ताई, ऐकताय ना? काका तुमच्या मनात आहेत, ते राहू द्या तिथे. पण हे कागद त्यांचे आहेत, तुमचे नाहीत. मला यंत्रात घाला. पात्याची मला पहिल्यापासून भीती वाटते, पण तुम्ही थांबू नका. नीट फाडा मला, अगदी बारीक फाडा.