बिनआवाजाची वीज

“काका, हळू बोला हो! बाळं झोपलीत!” सिस्टर जिन्यातून ओरडल्या.

“मी हळूच बोलतोय!” भोंगाकाका तळघरातून तेवढ्याच जोरात ओरडला.

दोघांचेही खरे होते. गल्लीतल्या त्या छोट्या प्रसूतिगृहातल्या सगळ्यांचे निम्मे आयुष्य जनरेटरच्या वरताण ओरडण्यात गेले होते. वीज गेली की तळघरातले ते धूड सुरू व्हायचे, जिना थरथरायचा, आणि मग ‘जरा गरम पाणी आणा’ हेसुद्धा लढाईला निघाल्यासारखे सांगावे लागायचे. धूड सांभाळायचे काम त्याचे. आवाजावरून त्याला भोंगाकाका हे नाव चिकटले आणि खऱ्या नावाची गरज फक्त पगाराच्या दिवशी उरली. कान अर्धे गेले होते, पण मशीनवर तळवा ठेवला की मशीनच्या पोटात काय दुखतेय ते त्याला कळायचे. या एका गोष्टीचा त्याला भलता अभिमान होता.

आता धूड मुके झाले होते. गच्चीवर सोलरची पॅनेल बसून आठवडाही झाला नव्हता आणि भंगारवाला उद्या मशीन न्यायला येणार होता. टाकीतले उरलेसुरले डिझेल सकाळी त्याने स्वतःच काढून घेतले होते.

“तोंड पाडून बसू नका,” सिस्टर खाली येत म्हणाल्या. “बँकेवर पहिल्यांदा पॅनेल बसली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी भाव विचारला आणि कपाळाला हात लावला. आणि आता बघा. न्हाव्याकडे आहे, शिंप्याकडे आहे, कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्यानंसुद्धा टपरीवर एक बसवलंय. समोरचा सुतार सोडला तर गल्लीत आपणच शेवटचे.”

“स्वस्त झालं म्हणून भरवशाचं झालं का?”

“तुमचं मशीन तरी कुठं भरवशाचं होतं? दर पावसाळ्यात आजारी.”

“आजारी पडायचं, पण सांगून पडायचं!”

त्याची कुरकुर नुसती नोकरीपायी नव्हती. नोकरी राहणार होती. पंप, नळ, दिवे सांभाळायला माणूस लागतोच. खरी काळजी वरच्या मजल्यावर होती. लेकीची मुलगी, त्याची नात, दिवस भरायच्या आत जन्मली होती, ओंजळीत मावेल एवढी. कमी दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीत ती झोपून होती आणि ती पेटी विजेवर चालत होती. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या लेकरांसाठी तो मशीन चालवत आला, आणि आपल्या घरचे पोर त्या पेटीत आले तेव्हाच नेमके मशीन भंगारात निघाले. याला काय म्हणावे!

पॅनेल बसवणारी वायरिंगवाली बाई आली, तेव्हा त्याने तिला हैराण केले होते. रात्री काय? बॅटरी. बॅटरीच झोपली तर? “काका, आधी पोलिसात होतात का?” असे म्हणून ती हसली होती. मग तिने भिंतीवरच्या लोखंडी दांड्याकडे बोट दाखवले. हा दांडा वर असला की बाहेरची वीज, खाली ओढला की जनरेटर; त्याचा रोजचा सोबती.

“मशीन जाईपर्यंत हा इथंच राहील,” ती म्हणाली. “पण हात लावायचा नाही. दांडा वरच ठेवायचा. बाहेरची वीज गेली की आपोआप गच्चीवरची येईल. तुम्हाला काही करायला नको.”

तुम्हाला काही करायला नको. तिने चांगल्या मनानेच सांगितले होते. त्याला मात्र ते तेव्हापासून टोचत राहिले होते.

दुपारी तो तळघरात स्टुलावर बसून चहा पीत होता. समोरच्या सुताराच्या कारखान्यातली मोठी करवत कर्कश चालली होती. अर्ध्या कानांनाही ऐकू यावी इतकी. फळी निम्मी कापून झाली असेल नसेल, तोच ती खालच्या सुरात जात जात गप्प झाली. वीज गेली होती.

कप खाली पडला. विचार मागून आला, हात आधी गेला. उजव्या हाताने दांडा खाली, डाव्या हाताने बटण. हजारदा केलेले काम, त्यात डोक्याचा काय संबंध! मशीन दोनदा खोकले आणि थांबले. त्याने पुन्हा बटण दाबले. पुन्हा तेच. वरून पेटीची धोक्याची शिट्टी वाजू लागली आणि मागोमाग त्याच्या लेकीची किंकाळी आली, “बाबा!”

तो अंधारात उभा होता. मग त्याच्या ध्यानात आले, की करवत थांबली तेव्हा डोक्यावरचा दिवा चालूच होता. कप पडला तेव्हाही चालू होता. वीज गेली होती, पण या घरातली गेली नव्हती. ती घालवली होती त्याने, स्वतःच्या हाताने, आणि टाकीत थेंबभर डिझेल नव्हते.

त्याने दांडा वर ढकलला.

दिवा लागला. बस्स, एवढेच. तो वाट पाहत राहिला. काहीतरी गुरगुरायला हवे होते, पायाखालची फरशी हलायला हवी होती, धूर यायला हवा होता. काहीच झाले नाही. वरची शिट्टी थांबली.

तो धापा टाकत वर पोचला तेव्हा सिस्टर पेटीवर वाकल्या होत्या. लेक पेटीला दोन्ही हातांनी मिठी मारून उभी होती, पांढरीफटक.

“ठीक आहे ती,” सिस्टर म्हणाल्या. “पेटी गार व्हायलासुद्धा वेळ मिळाला नाही.”

“काय झालं होतं बाबा? ते नवीन बंद पडलं का?”

हो म्हणून मोकळे होता आले असते. पॅनेलला थोडीच तोंड होते!

“नाही,” तो म्हणाला. “ते चालू होतं. मी बंद केलं. दांडा ओढला मी.”

तो खाली गेला, दांड्याची मूठ आट्यांवरून फिरवून काढली आणि वर आणून सिस्टरच्या हातात ठेवली.

“अहो, उद्या सगळंच जाणार आहे ना?”

“मशीनचं काही नाही सिस्टर. माझ्या हाताचा भरवसा नाही.”

सिस्टरनी मूठ एप्रनच्या खिशात टाकली. “गच्चीवर जाऊन या जरा,” त्या म्हणाल्या. “अजून वीज आलेली नाही. बघून तर या.”

तो गेला. गच्चीवर ऊन रणरणत होते आणि पॅनेल गप्प पडून होती, काही न करता, निदान दिसायला तरी. त्याने कठड्यावरून खाली पाहिले. सुतार घाम पुसत दारात उभा होता. पण न्हाव्याच्या दुकानातला पंखा फिरत होता. शिंप्याचे मशीन चालले होते. टपरीवरच्या एकुलत्या पॅनेलखाली चपला शिवणाऱ्याचा रेडिओ गात होता. गल्लीतल्या बहुतेक छपरांवर तीच निळी-काळी चमक होती. ऊन तर जन्मापासून त्याच्या डोक्यावर होते. त्याने आजवर त्याला शिव्याच घातल्या होत्या. आणि ते एवढे सगळे चालवत होते, पै न मागता, चपला शिवणाऱ्यासाठी आणि बँकेसाठी सारखेच. “अरे बापरे,” तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याला रडू आले. का ते त्यालाही सांगता आले नसते.

तो खाली आला तेव्हा लेकीचा राग निवळला होता, किंवा तिने तो बाजूला ठेवला होता.

“हात धुऊन या बाबा. साबणानं. आत घाला, ती बोट धरते.”

त्याने हात धुतले. वास घेतला, पुन्हा धुतले. डिझेल नखांतून निघेना. शेवटी सिस्टरनीच त्याचे हात ब्रशने घासले, शाळेतल्या पोराचे घासावेत तसे, आणि पेटीच्या गोल झरोक्यापाशी आणून सोडले. त्याने बोट आत नेले. आत मऊ ऊब होती. नातीने बोट धरले.

“ही ऊब वरची?” त्याने विचारले. “या घटकेची?”

“आत्ताच्या उन्हाची,” लेक म्हणाली.

तेवढ्यात खिडकीबाहेरचे ऊन विझले. मोठा ढग आला असावा. त्याने दचकून दिव्याकडे पाहिले, मग सिस्टरकडे, मग लेकीकडे. सिस्टर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. लेक खुर्चीतच पेंगू लागली होती. कुणी त्याला हाक मारली नाही, कुणी काही करायला सांगितले नाही. दिवा तसाच जळत राहिला, आणि नात त्याचे बोट धरून झोपी गेली.